यमुनेला तुटतंय

नसरापूरच्या बाजारात भर दुपारी कुणी मंगलाष्टकं म्हणताना ऐकू आलं, तर लग्न कुणाचं असं विचारू नये. मुहूर्त नसतो, मांडव नसतो, नवरानवरी तर नसतातच. शौकतचाचा मुलाणी यांनी कॉम्प्युटर चालू केलाय, एवढाच त्याचा अर्थ.

चाचांचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ एका चपलांच्या दुकानाशेजारच्या बोळात आहे. आता त्यांना शूटिंग कुणी सांगत नाही, कारण हल्ली लग्नात ड्रोन उडवणारी पोरं येतात. पण पस्तीस वर्षं भोर आणि वेल्ह्यातलं लग्न म्हणजे चाचांचा कॅमेरा असं समीकरण होतं. भटजींच्या खांद्याला खांदा लावून इतकी लग्नं उभ्याने काढल्यावर मंगलाष्टकं पाठ होणारच. एकदा वरव्यात ऐन मुहूर्तावर भटजींचा आवाज बसला, तेव्हा चाचांनी खांद्यावरचा कॅमेरा तसूभरही न हलवता पुढची तीन कडवी म्हणून टाकली. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लग्न लागलं. ते जोडपं आजही एकमेकांशी भांडत सुखाने नांदतंय. भटजी नंतर एवढंच म्हणाले की शौकतचे उच्चार आमच्या थोरल्या चिरंजीवांपेक्षा स्वच्छ आहेत.

माणसं ओळखायची चाचांची पद्धत वेगळी आहे. नाव, गाव, भावकी यात ते पडत नाहीत. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा कामासाठी गेलो तेव्हा कामथडीचा नितीन अशी ओळख सांगायला लागलो, तर मला मध्येच तोडून म्हणाले, "थोरल्या भैनीच्या लग्नात पाच जिलब्या खिशात घातल्या त्यो तूच न्हवं?" मी म्हणालो, मी नसेन. चाचा शांतपणे म्हणाले, "कॅशेटीत हाय."

या दोन शब्दांना आमच्याकडे कोर्टाच्या निकालाइतकी किंमत आहे. आमचे एक काका अजून सांगतात की लेकीच्या पाठवणीला मी टिपूस काढलं नाही. चाचा समोरून आले की मात्र काका विषय बदलून पावसावर येतात. कुणाच्या मामाने फेटा नाकारला, कुठली आत्या रुसून एसटी स्टँडवर जाऊन बसली, नवरदेव घोड्याच्या कुठल्या बाजूने पडला, हे सगळं कॅशेटीत आहे आणि चाचांच्या डोक्यातही आहे. अर्ध्या तालुक्याची अब्रू त्या बोळात ठेवलेली आहे असं म्हटलं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र कॅशेटीत नाही आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नाही. ती म्हणजे हमीदाचाचीचा चेहरा.

हमीदाचाची ही चाचांची बायको. चाचा शूटिंग करायचे आणि चाची त्यांच्या मागे हात उंच करून लाईट धरायची. डोळे दिपवणारा पांढरा लाईट आणि त्याची लांबलचक वायर असा तिचा संसार होता. आम्ही पोरं तिला लाईटवाली चाची म्हणायचो. तिच्याकडे बघायला जावं तर डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे ठिपके नाचायचे, त्यामुळे लाईटच्या मागे कोण आहे ते कधी नीट दिसलंच नाही. तिला जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. मला तिचा डोक्यावरचा पदर आठवतो आणि "अवो, वायरीवर पाय हाय तुमचा" हे वाक्य आठवतं, बाकी काही नाही.

सगळ्या कॅसेटी चाचांनी स्टुडिओतल्या माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. मग एका पावसाळ्यात त्यांना बुरशी धरायला लागली. चाचांचे जावई फलटणला मोबाईल रिपेरिंग करतात, त्यांनी दोन वर्षं खपून एकेक कॅसेट पुसली, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून तिचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि सगळं क्लाऊडवर चढवलं. वर अशी सोय करून दिली की क्लाऊडवरचं हे सगळं चाचांच्या कॉम्प्युटरमध्ये एका कपाटासारखं दिसावं. उघडलं की आत सगळी लग्नं. चाचा त्याला क्लाऊड म्हणत नाहीत, माळाच म्हणतात.

आणि हा माळा उघडेना.

इथे माझा संबंध येतो. मी पुण्याच्या एका कंपनीत काम करतो, म्हणजे कामथडीत घरी बसून लॅपटॉपशी भांडतो. दूर कुठेतरी ठेवलेली अवाढव्य साठवण लोकांना आपल्या कॉम्प्युटरमधलंच कपाट वाटावी, अशी व्यवस्था मी लावतो आणि कपाट अडकलं की मला फोन येतो. इतकी वर्षं झाली तरी मी नक्की काय करतो हे आईला समजावता आलेलं नाही. चाचांना एका दमात कळलं. म्हणाले, "म्हंजी तू माळ्याची शिडी धरतुस."

त्यांनी मला रोग दाखवला. कपाटावर दोनदा टिचकी मारली, समोर गोल फिरायला लागलं, आणि चाचांनी डोळे मिटून पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. शेजारी वाटीत अक्षता होत्या. माळा उघडला की त्या पडद्यावर टाकायच्या, असा रिवाज होता. कीबोर्डमधून मी नंतर मूठभर तांदूळ झाडून काढले, ते त्या सुखाच्या दिवसांतले. आता महिनाभर वाटी भरलेलीच होती. पहिलं कडवं संपलं, दुसऱ्यात गंगा आली, सिंधू आली, सरस्वती आली, आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी आली की वेळ संपली.

चाचांनी डोळे उघडले. "मुहूर्त टळला," असं म्हणून त्यांनी मला सिद्धांत सांगितला. हितं नवरदेव उभा आहे म्हणजे आपला कॉम्प्युटर, तिकडं नवरी म्हणजे माळा, मध्ये अंतरपाट. भटजी म्हणतोय, वऱ्हाड ताटकळलंय, पण अंतरपाट सुटत नाही, आणि शेवटी नवरदेव कंटाळून मांडवातून निघून जातो. इतक्या वर्षांत टाइमआऊटचं इतकं सोपं वर्णन मी ऐकलं नव्हतं. पुढे कंपनीतल्या एका मीटिंगमध्ये मी ते वापरलं आणि लोकांनी मान डोलावली.

त्या दिवशी मात्र मी जाणकाराचा आव आणून सांगितलं की रेंज कमी आहे. आमच्या धंद्यात काही कळलं नाही की रेंजवर ढकलायचं असतं. त्याचे परिणाम काय होतील याचा मी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी इंटरनेटचा डबा लाईटच्या जुन्या काठीला बांधून गच्चीवर उभा केला. संध्याकाळी फोन आला, "यमुनेला तुटतंय." तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर शेअर रिक्षातून वरव्याला मेव्हण्याच्या घरी नेला. रिक्षावाल्याने कॉम्प्युटरची एक सीट धरली आणि मॉनिटर शेजारच्या बाईच्या मांडीवर बसून गेला. तिथूनही फोन, "यमुनेलाच." मी मीटिंगमध्ये होतो. बघतो म्हणालो आणि विसरलो.

मग चाचांनी स्वतःच्या बुद्धीने निदान केलं. माळा जर ढगात आहे, तर इथे सपाटीवर बसून शिडी कशी पोचणार? श्रावण चालला होता, वेल्ह्याच्या बाजूला डोंगरावर ढग अगदी टेकून बसलेले. चाचांनी ओळखीचा टेम्पो केला, कॉम्प्युटर, बॅटरी, सतरंजी आणि अक्षतांची वाटी घेतली आणि वर एका धनगरवाड्यावर जाऊन पोचले. हे त्यांनी गमतीने केलं की मनापासून, ते मला आजही सांगता येणार नाही. विचारलं तर म्हणाले, "बगून यायला काय जातंय?"

तिथे ढग भरपूर होते, रेंज मात्र औषधालाही नव्हती. शेळीने सतरंजीचा कोपरा खाल्ला. हे सगळं टेम्पोवाल्याने मला स्टँडवर हसून हसून सांगितलं. सगळ्यात कहर म्हणजे, तो म्हणाला, तिथल्या एका म्हातारीच्या लेकाचं लग्न चाचांनी काढलं होतं. तिने चाचांना ओळखलं आणि विचारलं, लाईटवाली का नाही आणली? चाचा म्हणाले, "ती वर गेली." म्हातारीने डोळ्यांवर हात धरून वर डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, "वर कुठं, पठारावर? मंग थांबा की, यील ती." चाचा थांबले, म्हणे. चहा पिऊन तासभर बसले आणि मगच टेम्पोत चढले. टेम्पोवाला हसला, मीही हसलो.

त्या आठवड्यात एकदा मीटिंग रटाळ चालली असताना मला एकदम ते आठवलं. गच्चीवर यमुना, वरव्याला यमुना, दुकानात सकाळी, दुपारी, संध्याकाळी यमुना. रेंजचा दोष असता तर कधी गंगेला तुटलं असतं, कधी गोदावरीपर्यंत गेलं असतं. रेंज काही नदी बघून जात नाही. आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने चाचांची मंगलाष्टकं घड्याळासारखी, एका चालीत असतात. मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद केला, मोबाईलचं घड्याळ लावलं आणि चाचांच्या चालीत पुटपुटलो. यमुना आली बरोबर साठाव्या सेकंदाला.

जावयांनी सोय लावताना साठ सेकंदांची मुदत तशीच राहू दिली होती. साठ सेकंदांत उत्तर आलं नाही की कॉम्प्युटर नाद सोडून देत होता. तीन आठवडे तो माणूस मला रोगाचं नाव, गाव आणि वेळ फोनवर सांगत होता आणि मी रेंज, रेंज करत बसलो होतो. माझी मला लाज वाटली. तसाच गाडी काढून नसरापूरला गेलो आणि मुदत साठ सेकंदांची दहा मिनिटं केली.

चाचांनी टिचकी मारली. यमुना आली. चाचांनी एक डोळा उघडून पडद्याकडे पाहिलं. गोल फिरत होतं. त्यांचा आवाज चढला, गोदावरी आली, नर्मदा आली, शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने टाळ्या वाजवल्या. आठही कडवी संपली. गोल फिरतच होतं. चाचांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि ते तिसऱ्या कडव्यात असताना मुदत संपली नाही, पण कॉम्प्युटरच गोठून बसला.

तेव्हा मी नीट आत पाहिलं. हजारो तुकडे, सगळे एकाच कपाटात, एकाच खणात, नावाऐवजी नुसते आकडे. त्यात चाचांनी हल्लीच प्रत्येकाचं छोटं चित्र दिसावं अशी सेटिंग करून ठेवलेली. म्हणजे माळा उघडायचा म्हटलं की कॉम्प्युटर वर जाऊन प्रत्येक तुकडा थोडा उघडून त्यातलं एक चित्र काढून आणणार, मगच दार उघडणार. चाचांना त्यांच्या भाषेत सांगितलं की जेवणाच्या आधी सगळ्या वऱ्हाडाला एकेक करून स्टेजवर बोलावून फोटो काढायचा हट्ट आहे हा. लोक उपाशी मरतील. चित्रं बंद करा, नुसते आकडे बघा, माळा चुटकीसरशी उघडेल.

चाचा नाही म्हणाले. मी म्हटलं, मग लग्नागणिक वेगळे खण करू. त्यालाही नाही. आजवर सगळ्यांना एका मांडवात धरलंय, आता फोडायचे नाहीत, आणि चेहरे दिसल्याशिवाय उपयोग काय? मी चिडलो. इतका आडमुठेपणा कशासाठी, नक्की शोधायचंय काय, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

चाचांनी अक्षतांच्या वाटीत बोट फिरवलं. "एक बाई हाय," म्हणाले. "गिऱ्हाइकाला तिचा फोटू पायजे. म्हैन्याच्या आत पायजे, त्येंच्या घरी लगीन हाय."

मी म्हटलं, कुठल्या लग्नातली बाई ते सांगा, तेवढंच काढू.

"समद्याच लग्नात हाय ती."

आमच्याकडे बोलावलं नसलं तरी प्रत्येक लग्नाला हजर राहणाऱ्या दोन-तीन बायका आहेत. त्यांच्यापैकीच कुणीतरी असणार असं मी धरून चाललो. मग मी माझं अखेरचं अस्त्र काढलं. तिचा एखादा फोटो द्या, म्हटलं, हल्ली मशीन एका फोटोवरून हजार चेहऱ्यांतून माणूस शोधून काढतं. चाचांनी माझ्याकडे जिलब्यावाल्या पोराकडे बघतात तसं बघितलं. "फोटू आसता तर शोदला आसता कशाला?"

मी गुमान घरी गेलो, आणि जेवताना उपाय सुचला, तोही ताटाकडे बघून. सगळी माणसं एकदम जेवायला कोण बसवतं? दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन म्हटलं, चाचा, मांडव एकच ठेवू, पण पंगती करू. दोनदोनशेची एक पंगत. चित्रं एकदाच काढायची आणि तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवायची, म्हणजे दरवेळी वर जायला नको. एक पंगत उठली की दुसरी बसेल. एकही माणूस मांडवाबाहेर जाणार नाही.

चाचांनी विचार केला. "पंगतीला हरकत न्हाई," म्हणाले.

पंगती वाढायला तीन दिवस लागले. कॉम्प्युटर आपल्या गतीने एकेक चित्र उतरवत होता आणि चाचा खुर्ची टाकून शेजारी बसून होते. अधूनमधून यजमानासारखे वाकून त्याला सांगायचे, "सावकाश होऊ द्या." कॉम्प्युटरला हे सांगायची काही गरज नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. यमुना नाही, काही नाही. नुसतं "ये" म्हणाले. बाहेर झाकोळून आलं होतं, बोळात अंधार आणि दुकानात ट्यूब लागलेली. चाचांनी टिचकी मारली. पहिलं मंगलाष्टक अजून अर्ध्यावर असतानाच पहिली पंगत समोर बसली. दोनशे चित्रं, दोनशे मांडव, नाकातल्या नथी, फेटे, हळदीचे हात. मी अक्षतांच्या वाटीकडे पाहिलं. चाचांचं तिकडे लक्षच नव्हतं.

पंगतीमागून पंगती ते बघत गेले. नवऱ्यामुलीकडे बघत नव्हते, व्याह्यांकडे बघत नव्हते. जिथे जिथे रुखवत मांडलेलं दिसायचं तिथेच थांबायचे. रुखवतातला रवा-बेसनाचा ताजमहाल नाही, लोकरीचा ससा नाही, नुसती स्टीलची भांडी बघायचे. मला वाटलं, बाई भांडी चोरणारी असावी. असं मी मनात म्हणालो हे आज लिहितानाही मला बरं वाटत नाही.

बाराव्या की तेराव्या पंगतीत ते एकदम म्हणाले, "थांब. हंडा."

त्यांनी तो तुकडा चालू केला. कुठल्या तरी घराची ओसरी, रुखवताचं टेबल, त्यावर नवा कोरा स्टीलचा हंडा, आरशासारखा लखलखणारा. कॅमेरा सरकत सरकत हंड्यापाशी आला. हंड्याच्या पोटात आधी पांढरा झगझगीत गोळा दिसला. मग तो जरा बाजूला झाला, कारण हात अवघडला असावा, आणि गोळ्याशेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई दिसली. हंड्याच्या फुगीर पोटात तिचं नाक भलतंच मोठं झालं होतं, कपाळ चेपलं होतं. तिने पदराने गाल पुसला.

चाचांनी तिथे थांबवलं. मग म्हणाले, "नाक येवढं मोठं न्हवतं तिचं."

मला तेव्हा कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, ते मी जन्मभर नुसतं म्हणत आलो होतो. गिऱ्हाईक कोण, एवढंच विचारलं.

गिऱ्हाईक म्हणजे फलटणची नात, अस्मा. महिन्याने तिचं लग्न. तिने आजोबांना फोन करून सांगितलं होतं की नानीचा फोटो समोर ठेवायचाय, एक तरी द्या. चाचांनी घर पालथं घातलं. निकाहच्या फोटोत तोंडावर सेहरा. मतदानाच्या कार्डावर एक फोटो होता, पण त्यात ती तिच्यासारखी दिसत नव्हती आणि दुसऱ्या कुणासारखीही दिसत नव्हती. पस्तीस वर्षं सगळ्या मुलखाचे चेहरे टिपणाऱ्या माणसाला त्या पोरीला काय सांगावं ते सुचेना. तो म्हणाला, माळ्यावर आहे, काढून देतो.

"येवढी लग्नं काडली," चाचा म्हणाले, "येकदा बी कॅमेरा मागं फिरवला न्हाई. फिरवला आसता तर लाईट कुनी धरला आसता?"

मी म्हटलं, हा फोटो मी नीट करून देतो. नाकही थोडं सरळ करता येईल.

"नगं," चाचा म्हणाले. "तिला कळंल."

त्यांनी तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. मी या वेळी नीट बघितलं. लाईट बाजूला झाला, बाईने गाल पुसला, आणि ते होत असताना ती रुखवताकडे बघत नव्हती. ओसरीवरच्या गर्दीकडेही नाही. ती सगळा वेळ पुढे उभ्या असलेल्या कॅमेरेवाल्याकडे बघत होती. मी ते चाचांना दाखवलं.

"लाईट कुठं मारायचा ते बगत आसंल," ते म्हणाले आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. चष्मा पुसून झाला तरी पुसतच होते.

बाहेर सर आली. पडद्यावर ट्यूबची तिरीप पडत होती आणि हंड्यातली बाई अर्धी दिसेनाशी झाली होती. चाचांनी खुर्ची पुढे ओढली.

"नितीन, त्येवडी ट्यूब बंद कर," म्हणाले. "तिनं लाईट धरलाय की."

मी उठून ट्यूब बंद केली.